कबुली कोणापुढे?

आत्मचरित्रे वाचताना मला एक खोड जडली आहे. ज्या पानावर लेखक 'येथे माझे चुकले' असे म्हणतो, ते पान मी दोनदा वाचतो. पहिल्या वाचनात त्याच्या धीटपणाचे कौतुक वाटते. दुसऱ्या वाचनात मी एवढेच शोधतो की, ज्याचे वाईट झाले तो माणूस त्या पानावर कोठे उभा आहे. पुष्कळदा तो सापडतच नाही. लेखक असतो, त्याचे अश्रू असतात, त्याची सुरेख वाक्ये असतात. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो बिचारा दाराबाहेर चपलांपाशी थांबलेला असतो.

सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीच्या तोंडावर आपण घरोघर करतो तरी काय? माळे उतरवतो. फुटक्या बरण्या निघतात, बंद पडलेले घड्याळ निघते, आणि कोणाकडून तरी वाचायला आणून परत करायचे राहिलेले पुस्तकही निघते. ही शेवटची वस्तू निराळ्या जातीची. ती रद्दीत घालून भागत नाही. ती दुसऱ्याची असते, नेऊन द्यावी लागते. मनाच्या माळ्यावरही ही दोन प्रकारची अडगळ असते. ती उतरवण्याची एक बांधीव रीत ख्रिस्ती धर्माने घालून दिली, आणि त्या रीतीतून पाश्चात्त्य वाङ्मयाला आत्मकथनाचा केवढा तरी वारसा मिळाला. तो मिळताना वाटेत काय सांडले, ते पाहावे असे मनात आहे.

आधी ती रीत. 1215 सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा आपली पापे धर्मगुरूपुढे सांगावीत असा दंडक घातला. पुढे सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये जाळी असलेल्या लाकडी आसनाची पद्धत रूढ केली. कॅथलिक देवळांतून ते आसन आजही दिसते. गोव्यात या विधीला 'कुमसार' म्हणतात. हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. आमच्याकडे 'पापनिवेदन' म्हणतात. ऐकलेले धर्मगुरूने प्राण गेला तरी बाहेर फोडायचे नसते.

मी ख्रिस्ती नाही. तरी कादंबरीकार म्हणून मला या रीतीचे आकर्षण वाटते, कारण तिच्यात कादंबरीकाराला आवडणारे काहीच करू देत नाहीत. थोडक्यात सांगायचे, स्पष्ट सांगायचे. परिस्थितीची सबब नाही, दुसऱ्यांच्या पापांची यादी नाही, भाषेचे अलंकार नाहीत. आणि श्रोता एकच, तोही मुक्या व्रताने बांधलेला! पश्चात्ताप हवा, निवेदन हवे, नंतर प्रायश्चित्त हवे. शिवाय एक अट असते, तिच्याकडे बाहेरच्यांचे लक्ष सहसा जात नाही. चोरी केली असेल तर वस्तू परत गेली पाहिजे. कोणाचे नाव बद्दू केले असेल तर ते, जमेल तितके, पुन्हा उजळले पाहिजे. देव क्षमा करील, पण शेजाऱ्याचा हिशेब शेजाऱ्याकडेच. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने याहून पुढचे सांगितले आहे: वेदीपाशी नैवेद्य घेऊन गेलात आणि आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर नैवेद्य तेथेच ठेवा, आधी भावाकडे जा. देवाला थांबवून ठेवायला देवाच्याच पुत्राने सांगावे, हे मला फार मोठे वाटते.

आता पुस्तकांकडे वळू. या परंपरेचा आद्य ग्रंथ संत ऑगस्टीनचा. चौथे शतक संपता संपता लिहिलेला. त्यातली पेअरची गोष्ट प्रसिद्ध आहे. सोळा वर्षांचा असताना त्याने सोबत्यांबरोबर शेजारच्या झाडाची फळे चोरली. खाण्यासाठी नव्हे, बहुतेक डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा चोरीवर तो पानेच्या पाने विचार करतो. काही टीकाकार याला हसले आहेत. मला ते हसणे उथळ वाटते. भुकेसाठी केलेली चोरी समजते, पण नुसत्या वाईटपणाच्या चवीसाठी केलेली चोरी समजत नाही, म्हणून तो अडखळतो. हे अडखळणे खरे आहे. शिवाय तो देवाशी बोलतो आहे; आपण वाचक केवळ आडून ऐकणारे. तरीही, माझ्या खोडीप्रमाणे मी विचारतोच: त्या झाडाचा मालक कोठे आहे?

रूसोच्या ग्रंथापाशी मात्र हा प्रश्न दडपता येत नाही. रूसोने आपले आत्मचरित्र मुख्यतः 1765 ते 1770 या काळात लिहिले. तो 1778 मध्ये वारला आणि पहिला भाग 1782 मध्ये छापला गेला. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात तूरिन शहरातली हकीकत आहे. सोळा वर्षांचा रूसो तेथे नुकताच कॅथलिक झाला होता आणि एका सरदारणीच्या घरी नोकर होता. ती वारली; घरातल्या आवराआवरीत एक जुनी गुलाबी-रुपेरी फीत नाहीशी झाली. ती रूसोने चोरली होती. पकडला गेल्यावर त्याने सांगितले, ही मला मारियोनने दिली. मारियोन ही त्याच घरातली तरुण स्वयंपाकीण, गुणी आणि साधी. तिला समोर आणले. ती रडली, पण त्याला उलट शिव्या दिल्या नाहीत. मालकाने दोघांनाही काढून टाकले. पुढे तिचे काय झाले हे रूसोला कधी कळले नाही; कलंक लागलेल्या मुलीला दुसरे घर कसे मिळणार, एवढीच कल्पना तो करतो.

हे पान अप्रतिम आहे, यात वाद नाही. चाळीस वर्षे आपण हे कोणालाच सांगू शकलो नव्हतो, आणि हे ओझे उतरवावे या इच्छेनेच हा ग्रंथ लिहिण्याचा निश्चय बराचसा झाला, असे तो सांगतो. पण लगेच पुढे पाहा! तो म्हणतो, मनात दुष्टावा नव्हता. मारियोन मनात होती, ती फीत तिलाच द्यायची होती, म्हणून तिचेच नाव तोंडी आले. म्हणजे चोरीचा आळ हा प्रेमाचा एक प्रकार ठरला! लाज वाटली, गर्दी होती, वय लहान होते, अशी एकेक सबब पुढे येते आणि पान संपेपर्यंत मारियोन विरून जाते. रूसो न्यायाधीशापुढे उभा राहिला खरा, पण न्यायाधीश त्याने स्वतः निवडला. तो न्यायाधीश म्हणजे वाचक. आणि वाचकाइतका लाच घेणारा न्यायाधीश दुसरा नाही. त्याला चांगले गद्य दिले की तो सोडून देतो. आता यापुढे या विषयावर बोलणार नाही, असे सांगून रूसो प्रकरण मिटवतो. पण अखेरच्या वर्षांतल्या लेखनात ती फीत त्याला पुन्हा आठवतेच.

रूसोवर मी इतका का चिडतो, ते सांगायला हवे.

माझ्या शिक्षकीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. वर्गाच्या सहलीची वर्गणी मी एका पाकिटात ठेवली होती, एक हजार आठशे रुपये. ते पाकीट नाहीसे झाले. मधल्या सुट्टीत डबा विसरला म्हणून एक मुलगा वर्गात परतला होता. बाजार समितीतल्या हमालाचा मुलगा. मी त्याला सर्वांदेखत उभे केले. बापाला बोलावून घेतले. बापाने शिक्षकांच्या खोलीतच पोराच्या मुस्काटात मारली आणि तीन हप्त्यांत पैसे भरले. वर्ष संपल्यावर मुलाचे नाव काढून दुसऱ्या शाळेत घातले. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत घरची सफाई करताना, तपासून बांधून ठेवलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून ते पाकीट निघाले.

मी काय केले? पैसे गरीब विद्यार्थ्यांच्या निधीत भरले आणि पावती 'एक हितचिंतक' या नावाने घेतली.

काही वर्षांनी माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी एक मास्तर रंगवला. तो असाच चुकतो आणि एका पावसाळी रात्री सारे कबूल करतो. ते प्रकरण वाचकांना फार आवडले. पत्रे आली, एका समारंभात कोणी ते जाहीर वाचूनही दाखवले. मला हलके वाटू लागले. इतके हलके, की त्या मुलाचा चेहरा आठवेनासा झाला.

अशा सुखात असताना दोस्तोयेव्हस्कीचे 'दि पझेस्ड' या नावाने इंग्रजीत आलेले पुस्तक हाती पडले. त्यातले स्ताव्रोगिनच्या कबुलीचे प्रकरण बरीच वर्षे जगाला ठाऊकच नव्हते. कादंबरी 1871-72 मध्ये मासिकातून येत असताना संपादक कात्कोव्ह यांनी ते छापायचे नाकारले. लेखकाच्या कागदपत्रांतून निघून ते छापले गेले 1922 मध्ये. स्ताव्रोगिन हा देखणा, श्रीमंत, सर्वांना भारून टाकणारा माणूस. तो निवृत्त बिशप तिखोन यांच्याकडे मठात येतो आणि त्यांच्या हाती छापील कागद ठेवतो. त्यात त्याच्या अपराधांची कबुली आहे. मुख्य अपराध सणाच्या अंकात सांगण्याजोगा नाही. परंतु त्याच्या आधीचा एक लहान प्रसंग वाचून माझ्या हातून पुस्तक खाली गेले. स्ताव्रोगिनचा खिशातला चाकू हरवतो. घरवालीचा संशय तिच्या लहान मुलीवर जातो; ती तिला झोडपते. तेवढ्यात चाकू त्याच्याच अंथरुणावर सापडतो. तो बोलत नाही.

तिखोन तो कागद वाचतात आणि एखाद्या चांगल्या टीकाकाराप्रमाणे आधी भाषेवर बोट ठेवतात. काही फेरफार करता येणार नाही का, असे विचारतात. कबुली खरी आहे हे ते मानतात. पण तीत एक आव्हान आहे, पाहा मी किती भयंकर, असा ताठा आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. लोक द्वेष करतील ते तुम्ही सोसाल, पण लोक हसतील ते सोसेल का, असा त्यांच्या बोलण्याचा रोख आहे. स्ताव्रोगिन चपापतो, कारण हसण्याचा त्याने विचारच केलेला नसतो. तुम्ही तरी मला क्षमा कराल का, असे तो विचारतो. तेव्हा तिखोन म्हणतात, तुम्हीही मला करणार असाल तर. पाप करणारा प्रत्येक जण सर्वांचाच अपराधी होतो, असे त्यांचे मत आहे. शेवटी ते सुचवतात की हा कागद छापू नका. एखाद्या जुन्या तपस्व्याच्या हाताखाली काही वर्षे निमूटपणे राहा. स्ताव्रोगिनला ते जमत नाही. संतापून तो निघून जातो. जगापुढे पाप जाहीर करायला तयार असलेला माणूस एका म्हाताऱ्यापुढे मान खाली घालायला तयार नाही! ख्रिस्ती पापनिवेदनाचे मर्म इतक्या थोड्या जागेत उलगडून दाखवणारे दुसरे प्रकरण मी वाचलेले नाही.

'क्राइम अँड पनिशमेंट' अधिक लोकप्रिय आहे, आणि तेथेही हसण्याची जागा आहेच. खुनी रास्कोल्निकोव्हला सोनिया सांगते, चौरस्त्यावर जा, वाकून धरणीचे चुंबन घे आणि सर्वांना ओरडून सांग. तो जातो, गुडघे टेकतो. लोक खिदळतात, दारुडा समजतात. आणि कबुलीचे शब्द त्याच्या घशातच राहतात. नाट्यमय प्रसंग फसतो. मग तो पोलिसचौकीत जातो, न सांगताच परततो, बाहेर सोनिया उभी दिसते, तेव्हा फिरून आत जातो आणि कोरड्या आवाजात सांगून टाकतो. 1866 च्या या कादंबरीचा उपसंहार मला घाईचा वाटतो. पण परत फिरलेली ती पावले अस्सल आहेत.

क्षमेच्या बाजूने पाहायचे तर लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या मुलाची गोष्ट अजून कोणाला ओलांडता आलेली नाही. मुलाने परतीच्या वाटेवर भाषण तयार केले आहे; त्याचे शेवटचे वाक्य असे, की मला चाकर म्हणून ठेवा. बाप त्याला दुरून पाहतो, धावत येऊन मिठी मारतो. मुलगा भाषण सुरू करतो, पण ते शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. बाप तोवर नोकरांना चांगला झगा आणायला सांगू लागलेला असतो. तयार केलेली कबुली पुरी होऊ न देणे हीच क्षमा! आपल्याकडे गांधीजींच्या आत्मकथेत याची सख्खी बहीण शोभेल अशी हकीकत आहे. भावाच्या कड्यातले सोने चोरल्याची कबुली पंधरा वर्षांच्या मुलाने चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली. ते उठून बसले, वाचली, रडले आणि ती चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली. स्ताव्रोगिनला आपला कागद सर्वत्र वाटायचा होता. येथे तो ज्याला द्यायचा त्यालाच दिला, आणि त्याने फाडला.

मराठीत ख्रिस्ती अनुभवाचे सर्वांत मोठे पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ती 1934 ते 1936 या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यात पापनिवेदनाचा सूर कोठेच नाही, म्हणून काही भाविकांना ती पुरेशी धार्मिक वाटत नाहीत. मला उलट वाटते. 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला; स्वतः लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. एवढ्या घावानंतर त्या लिहायला बसल्या त्या नवरा जाऊन बरीच वर्षे लोटल्यावर. हिशेब चुकते करायला याहून चांगली संधी कोणती? त्या टिळकांचा संताप सांगतात, त्यांचा लहरीपणा आणि पैशाच्या बाबतीतला भोळसटपणा सांगतात. पण त्याच दमात स्वतःचे सोवळे, स्वतःचा हट्ट, स्वतःचे रुसवेही सांगतात, आणि दोन्हींना एकाच हसण्याने हसतात. त्यांनी कोणाला क्षमा केली असे वाक्य लिहिले नसते तरी चालले असते; ती त्यांच्या सुरातच आहे. रूसोला जे चाळीस वर्षांत साधले नाही, ते येथे एका बाईने स्वयंपाकघरातल्या भाषेत साधले. शिवाय या पुस्तकात टिळक दाराबाहेर थांबलेले नाहीत. ते पानोपान घरभर वावरत असतात, भांडत असतात.

हे सारे वाचून झाल्यावर माझ्या कादंबरीतले ते पावसाळी प्रकरण मी पुन्हा वाचले. त्यात मास्तर कोणापुढे कबुली देतो? नदीपुढे. मुलगा सबंध प्रकरणात एकदाही बोलत नाही. गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर एका रविवारी मी एक हजार आठशे रुपये पाकिटात घातले आणि तालुक्याच्या गावी गेलो. त्या मुलाचे तेथे मोटारसायकली दुरुस्त करण्याचे दुकान आहे. हात पुसत तो पुढे आला. मी वाटेत तयार केलेले भाषण सुरू केले. पाकिटाचे नाव काढताच तो मोठ्याने हसला.

"सर, मी घेतले नव्हते हे मला तेव्हापासून ठाऊकच आहे की!"

दुकानातली पोरेही हसली. तिखोन यांची आठवण झाली. सोसणे खरेच कठीण होते. मग तो गंभीर झाला. पाकीट घेईना. म्हणाला, "पैसे बाबांनी भरले होते. बाबा गेले चार वर्षांमागं. आई घरी आहे, तिला सांगा. मी येत नाही बरोबर."

मी गेलो. मावशींनी सगळे ऐकून घेतले. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पाकीट उंबऱ्याजवळच्या फळीवर ठेवायला सांगितले. हे मी कोठे लिहिले तर चालेल का, असे विचारले, त्या म्हणाल्या, "नाव घालू नका, बाकी काय लिहायचं ते लिहा." मग भिंतीवरच्या फोटोकडे हात केला.

"त्यांना सांगितलंत का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी फोटोवरची धूळ पदराने पुसली आणि मला पुढे उभे केले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. दोन वाक्ये झाली असतील, तोच मावशी मागून म्हणाल्या,

"जरा मोठ्यानं बोला, मास्तर. त्यांना कमी ऐकू यायचं."